मुरलेला धूर

साइटवर माल घेऊन ट्रक आला की शहाणा माणूस चलन बघतो, माल बघतो आणि गाडी कुठे रिकामी करायची ते हात करून दाखवतो. काका आधी ड्रायव्हरला खाली उतरवायचे. मग सुरू. "कुटनं भरलास? वाटेत कुटं थांबलास? डिझेल किती खाल्लं गाडीनं? जाताना भरून जाणार का रिकामाच?" ड्रायव्हर उन्हातान्हातून आलेला, त्याला लवकर गाडी खाली करून सावलीला पडायचं असायचं. बहुतेकांना वाटायचं, हे म्हातारं आरटीओचं आहे. एकाने तर न मागता लायसन, इन्शुरन्स, पीयूसी सगळं काढून बॉनेटवर मांडलं. काकांनी त्यातलं पीयूसी तेवढं उचललं, नीट वाचलं, परत त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे झालं तुझ्या नळीतलं. मला पोत्यातलं पायजे."

पोत्यातलं म्हणजे सिमेंटच्या पोत्यातला धूर. हे जरा नीट सांगायला हवं.

सोलापुरातली एक शिक्षणसंस्था कॉलेजची नवी इमारत बांधत होती आणि ते काम आमच्या फर्मकडे होतं. संस्थेला हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं होतं, तेही वरच्या श्रेणीचं. छपरावर सोलर लावलं आणि आवारात चार झाडं लावली की भागेल, असं सगळे धरून चालले होते. पण प्रमाणपत्र देणाऱ्यांची आणखी एक अट होती: इमारत उभी करण्यातच किती कार्बन हवेत गेला, तो मोजून द्या. सिमेंट भाजताना, लोखंड वितळवताना, वीट पक्की करताना आणि हे सगळं सोलापूरपर्यंत वाहून आणताना जे जे जळलं, ते सगळं. म्हणजे इमारतीत पहिला दिवा लागायच्या आधीचं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. काका त्याला 'मुरलेला धूर' म्हणायचे आणि दोन-तीन महिन्यांत संस्थेच्या अध्यक्षांपासून स्लॅबवर पाणी मारणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तसंच म्हणायला लागले.

हे काम काकांकडे आलं ते निव्वळ आमच्या आळसामुळे. त्यासाठी पुण्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. आम्ही तरुण इंजिनियर मंडळी, कुणी मावसबहिणीचं लग्न, कुणी ताप अशी कारणं काढून मोकळी झालो. साहेबांनी, म्हणजे फर्मच्या मालकांनी, वैतागून एस्टिमेट करणाऱ्या काकांना पाठवलं. पासष्टी ओलांडलेला माणूस तिथे मागच्या बाकावर झोपेल आणि हजेरीचा कागद घेऊन परत येईल, अशी सगळ्यांची खात्री होती. काका परत आले ते पेटूनच. "चाळीस वर्षं मी निस्ती भिंतीची लांबी-रुंदी काढत बसलो बे," ऑफिसात पाय ठेवता ठेवता ते म्हणाले, "तिच्या पोटात काय हाय ते कुणी इचारलंच न्हाय की!"

दिसायला अगदी किरकोळ माणूस. उंची पाच फुटांच्या आसपास, कडक इस्त्रीचा पांढरा फुलशर्ट, कॉलर मळू नये म्हणून मानेवर घडी घातलेला टॉवेल, कानावर सुताराची चपटी पेन्सिल. खांद्याच्या पिशवीत हुक लावून वजन करायचा स्प्रिंगचा काटा असायचा. विटांच्या प्रत्येक ट्रकमधली एक वीट काढून ते काट्याला टांगायचे आणि काटा स्थिर होईपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. सोलापूरचं एप्रिलचं ऊन डोक्यावर, गाडी रिकामी करणारे हमाल खोळंबलेले आणि हे एका विटेकडे टक लावून उभे.

भिंत उभी राहिली की ते गेरूचा खडा घेऊन यायचे आणि त्या भिंतीवर तिचा धूर लिहायचे, किलोमध्ये. प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक खांबावर. सेंट्रिंगचे मिस्त्री त्यांना समजवायचे, "चाचा, कल प्लास्टर होनेवाला है. सब ढक जाता ना. कायकू हाथ लाल करते?" काका लिहिता लिहिता म्हणायचे, "करू दे की प्लास्टर. आज लिवलंय न्हवं?"  मिस्त्री दुसऱ्या दिवशी प्लास्टर करून घ्यायचे.

पाणी मारणाऱ्या मावशींनी एकदा गंमत म्हणून विचारलं, "काका, माज्या घराचा किती ओ धूर?" विचारणाऱ्याची गंमत असते, काकांची नसते. रविवारी ते काटा घेऊन मावशींच्या पत्र्याच्या खोलीवर हजर. दोन तास मोजमाप करून त्यांनी जाहीर केलं, की या घरात मुरलेला धूर अख्ख्या सोलापुरात सगळ्यात कमी असेल. मावशी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. पावसात गळतंय किती ते सांगा की." काका वरमले. पुढच्या आठवड्यात ते मोपेडवर नवी ताडपत्री बांधून घेऊन गेले, स्वतः पत्र्यावर चढून ती बांधली आणि खाली उतरून तिचाही धूर लिहून घेतला.

हे वेड आलं कुठून, तर गिरणीतून. तरुणपणी ते कापडगिरणीच्या बॉयलरवर कोळशाचं वजन करायला होते. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी आणि नाकात कायम कोळसा. गिरणी बंद पडल्यावर एका ठेकेदाराकडे राहून ते एस्टिमेट शिकले. बॉयलरच्या गोष्टी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकल्या, पण एक माझ्या मनात राहिली. ते म्हणाले होते, "तवा धूर दिसत हुता गं. बायका वाळत घातलेल्या चादरी घेऊन गेटवर भांडायला यायच्या, हे बघा काळं पडलं म्हणून. आमी तोंड लपवत फिरायचो. आता धूर दुसऱ्याच्या गावात निघतोय आन हितं निस्ती गुळगुळीत भिंत येती. भिंतीबरोबर कोण भांडणार? म्हणून मी भांडतोय."

आणि भांडायचे. कुठेही. साहेबांनी स्वतःचा बंगला बांधला, वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. पोर्चला चार जाडजूड गोल खांब होते, वरती नाजूक नक्षी. पाहुणे कौतुक करत होते. काका चारही खांबांना प्रदक्षिणा घालून आले आणि यजमानांना विचारलं, "साहेब, ह्यांनी काय उचललंय?" साहेब म्हणाले, "काही नाही, शोभेचे आहेत." काकांनी वर बघितलं, खाली बघितलं. "शोभेला एक पुरला नसता का?" साहेबांच्या सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेब मात्र पोट धरून हसले आणि पुढे वर्षभर हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगत राहिले. माणूस दिलदार होता, हे मी मुद्दाम सांगते. काकांच्या बायको, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, जिलबी वाढून घेत माझ्या कानात म्हणाल्या, "ह्यांना घेऊन जायाचं तर पहिल्या पंगतीलाच जेवून घ्यावं लागतंय."

करकंबजवळच्या वीटभट्टीवर त्यांच्याबरोबर मीच गेले होते. पुण्याचे एक सल्लागार काकांचा हा धुराचा तक्ता तपासायचे. त्यांनी विटेसाठी एक ठरलेला आकडा दिला होता, तोच सगळ्या महाराष्ट्राला. काकांना तो पटेना. भट्टी बघितल्याशिवाय आकडा लिहिणार नाही म्हणाले. भट्टीमालक एकदम गोड माणूस. "आमी निस्तं बगॅस जाळतो, काका. कारखान्याचं उसाचं चिपाड. दुसरं कायबी न्हाय." काका म्हणाले, "बरं," आणि लिंबाखालच्या बाजेवर बसले. बसले ते बसलेच. दहा वाजले, बारा वाजले. मालकाने पिठलं-भाकरी खाऊ घातली. आता जातील म्हणून गूळ-शेंगदाणे दिले. काका शेंगदाणे खात बसून राहिले. तीनच्या सुमाराला वळणावर एक ट्रॅक्टर दिसला. मालकाने लांबूनच त्याला हाताने 'परत जा' अशा खुणा केल्या. ड्रायव्हरला त्या काही कळल्या नाहीत. तो जवळ येऊन मोठ्याने म्हणाला, "मालक, ह्ये टायर कुटं टाकू?"

मी हसू दाबायला तोंड फिरवलं. काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी ट्रॉलीतला एक जुना टायर काट्याला टांगून बघितला, वजन लिहिलं आणि मालकाला विचारलं, "एका भट्टीला असे किती?"  मालक म्हणाला, "लिवा की मग. पर माझं नाव लिवू नगा, पाया पडतो." काका म्हणाले, "नाव कशाला पायजे? धुराला नाव नसतंय." परतीच्या एसटीत ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते आणि माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

कारण मला काकांची भीती वाटायची. इतरांना त्यांचा वैताग यायचा, माझी मात्र सरळ सरळ भीती होती. त्याला कारण होतं आणि ते जमिनीखाली होतं.

मी मोडनिंबची. हायवेला वडिलांचं पंक्चरचं दुकान. डिप्लोमा झाल्यावर ही पहिली नोकरी आणि हीच पहिली मोठी साइट. पायाची आखणी माझ्याकडे होती. काका साइटवर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. ड्रॉइंगमध्ये कॉलमची मापं कॉलमच्या मध्यापासून दिली होती. एका ओळीला मी ती भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून धरली. चूक म्हटली तर एवढीशी, पण सगळी ओळच सरकली. त्या ओळीत सहा कॉलम होते, त्यांच्या खालची फूटिंगं, म्हणजे पायाचे काँक्रीटचे ठोकळे, भरून झाली, वर प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, कॉलमही आले, आणि मग त्यांवर आडव्या बीमचे लोखंडी सांगाडे ठेवायला गेले तर ते बसेनात. मिस्त्रींनी टेप लावला, माझ्याकडे बघितलं आणि टेप हळूच गुंडाळून ठेवला.

साहेब आले. मी रडत होते. ते ओरडतील म्हणून सगळे लांब उभे होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पहिल्या साइटवर माझाही एक जिना उलटा आला होता. फोडा आणि नव्याने भरा." आठवड्याभरात ब्रेकर लावून सहाच्या सहा फूटिंगं फोडली, डबर प्लिंथच्या भरावात टाकलं, वर मुरूम, वर पाणी, वर रोलर. संस्थेला कुणी कळवलं नाही. साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, विषय संपला. साहेबांचे ते उपकार मी घरीसुद्धा सांगितले होते. आईने त्यांच्या नावाने खंडोबाला नारळ फोडला.

आणि मग आले काका, पोती मोजायला.

आमच्या धंद्यात रिकामं पोतं कुणी टाकून देत नाही. पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून स्टोअरच्या शेडमध्ये ठेवतात, म्हणजे सिमेंट खरोखर किती वापरलं याचा तो पुरावा राहतो. दुसऱ्या साइट्सवर चोरी पकडायला ते मोजतात. काकांनी ते धुरासाठी मोजले. पुण्याचे सल्लागार म्हणत होते, ड्रॉइंगवरून सिमेंट काढा. काका म्हणाले, "ड्रॉइंगमधी कुणी पोतं फोडलंय काय? फोडलंय ते शेडमधी हाय." त्यांनी गठ्ठे सोडून एक-एक पोतं मोजलं. इमारतीत जेवढं बसायला हवं त्यापेक्षा एकशे शेहेचाळीस पोती जास्त भरली.

त्यांनी सगळ्यात आधी मला विचारलं. शेडच्या दारात, टॉवेलने तोंड पुसत. "तू पायापासनं हितं हायस. ही पोती कुटं गेली, तुला म्हाईत हाय का गं?"

मी म्हणाले, "नाही, काका."

त्यानंतर चार दिवस त्यांनी ती पोती पुन्हा पुन्हा मोजली. मिस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "चाचा, मेरेकु नक्को पूछो," आणि निघून गेले. साहेबांनी समजावून सांगितलं, की मोजताना होतं असं मागेपुढे, वयाचा परिणाम असतो, सोडून द्या. पाचव्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात बैठक होती, तिथे काकांनी तक्त्यावर सही करायची होती. प्रशिक्षण घेतलेला माणूस म्हणून ती त्यांचीच लागत होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी भवानी पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते.

दोन खोल्यांचं घर. काकू दारात विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी आत काहीतरी तेलुगूत सांगितलं आणि मला म्हणाल्या, "बघ बाई तूच. चार दिस झाले जेवणावर ध्यान न्हाय. झोपेतबी पोती मोजायलेत."

काका जमिनीवर बसले होते. शर्टाला इस्त्री नव्हती. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. समोर गव्हाचे दाणे मांडले होते, दहा-दहाचे ढीग. मला वाटलं निवडतायत. "मोजायची सवय तपासतोय," ते म्हणाले. "हजार दाणे काकू मोजून देती, मग मी मोजतो. बरोबर येतंय. पोती मोजली की चुकतंय. तीन येळा मोजलो. इतकं सिमेंट त्या बिल्डिंगमधी बसतच न्हाय, म्हंजे माझंच कुटंतरी चुकतंय. साहेब म्हणत्यात ते खरं का गं? डोस्कं गेलं काय माझं?"

ज्या माणसाने वीटभट्टीच्या मालकाला, पुण्याच्या सल्लागाराला, साहेबांच्या सासूबाईंना भीक घातली नव्हती, तो गव्हाच्या ढिगासमोर बसून मला विचारत होता. आणि मी काय केलं? चहा प्यायले. "नाही हो काका," एवढंच म्हणाले आणि घरी आले. आजपर्यंत मी पुष्कळ चुका केल्या, पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट कृती कुठली असं विचारलं तर मी त्या चहाचं नाव घेईन. ती सहा फूटिंगं त्यापुढे काहीच नाहीत.

बैठकीला संस्थेचे अध्यक्ष, साहेब, काका, मी, आणि भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याचे सल्लागार. एसी एवढा की काकांनी मानेवरचा टॉवेल उलगडून खांद्यावर घेतला होता. पण शर्ट पुन्हा कडक इस्त्रीचा होता. साहेबांनी गोड शब्दांत मांडलं, की काकांचा अनुभव मोठा, मेहनत मोठी, पण वयोमानाप्रमाणे मोजणीत घोळ झालाय, तर ड्रॉइंगवरून निघणारा आकडाच धरू. तो धरला की वरची श्रेणी मिळते. काकांचा धरला तर जाते. अध्यक्षांनी मान डोलावली आणि तक्ता काकांपुढे सरकवला.

काकांनी तो परत सरकवला. "माझी सही मिळणार न्हाय."

"काका, हट्ट करू नका," साहेब म्हणाले.

"हट्ट न्हाय. मी चुकलो आसंल तर परत मोजू. पोती अजून शेडमधीच हायत, मी ती हलू दिली न्हाईत. अध्यक्षसाहेब, तुमी चला. तुमी मोजा, मी गप्प बसतो. तुमची एकशे शेहेचाळीस कमी आली तर मी हितंच सही करतो आन परत काटा हातात धरत न्हाय."

अध्यक्ष हसले. "अहो, आम्ही आता पोती मोजायची का?"

"मग मोजलेल्याला येडा म्हणू नका."

साहेबांचा आवाज जरा चढला. "काका, तुम्ही सही केली नाहीत तर दुसरा कुणी पुण्याहून शिकून येऊन करेल."

"करू दे की. त्याची त्याला लखलाभ." टेबलाखाली काका अंगठ्याने बोटांची पेरं पुन्हा पुन्हा मोजत होते. ते फक्त मला दिसत होतं, कारण मी शेजारी बसले होते. स्वतःच्या मोजणीवर त्यांचा विश्वास उरला नव्हता, आणि तरी ते तिच्या बाजूने भांडत होते.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "काकांची मोजणी बरोबर आहे," मी म्हणाले. "त्या पोत्यांतलं सिमेंट प्लिंथच्या भरावात आहे. सहा फूटिंगं मी चुकीच्या जागी आखली होती. ती फोडून परत भरली. मला माहीत होतं. काकांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही.  पडद्यावरचे सल्लागार म्हणाले, "हे पाहा, मॅडम, झालं असेल तसं. पण आपण उभी असलेली इमारत मोजतो. फोडून टाकलेलं धरायची पद्धत नाही."

"का?" काका पडद्याकडे वळले. "फोडलं म्हणून धूर परत भट्टीत गेला काय?"

 आता काका माझ्याकडे वळतील, काहीतरी चांगलं बोलतील, अशी मला वेडी आशा होती. ते वळले. "ब्रेकर किती दिवस चालला?"

"तीन," मी म्हणाले.

"डिझेल किती लागलं?"

"माहीत नाही."

"म्हाईत न्हाय म्हंजे? तितंच हुतीस न्हवं? का रडतच बसली हुतीस?" भर बैठकीत, अध्यक्षांसमोर, माझी नोकरी माझ्या डोळ्यांदेखत जात असताना ते मला डिझेलवरून झापत होते. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तक्त्यातला सिमेंटचा आकडा खोडून स्वतःचा लिहिला, खाली सही केली. मी म्हणाले, "मलाही करायचीय. चूक माझी आहे." त्यांनी काही न बोलता तक्ता माझ्यापुढे सरकवला.

बाहेर गेटपाशी मी त्यांना गाठलं. ते मोपेडला किक मारत होते. थांबले. "मी तुला इचारलं हुतं," ते म्हणाले. "लई वाईट केलंस. चार दिस मला माझ्याच बोटांचा भरवसा राह्यला न्हवता." त्यांचे डोळे भरले होते. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. "उद्या सकाळी ये. ब्रेकरवाल्याकडं जाऊन डिझेलचं बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खरंच गेलो. ब्रेकरवाल्याला वाटलं आम्ही वेडे आहोत. डिझेलचा आकडा मिळाला, तो तक्त्यात घातला, आणि संस्थेला प्रमाणपत्र मिळालं ते खालच्या श्रेणीचं. साहेबांनी मला आठवड्यानंतर केबिनमध्ये बोलावलं. "मी तुला सांभाळून घेतलं होतं," एवढंच म्हणाले. ते खरं होतं. मी दुसरीकडे बघावं, असं त्यांनी सुचवलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पस्तावा मात्र झाला नाही. कुणाला यात कृतघ्नपणा दिसत असेल तर खुशाल दिसू दे.

काकांना त्यानंतर सोलापुरात कुणी धुराचं काम दिलं नाही. त्यांनी ते बंदही केलं नाही. न बोलावता कुणाच्याही साइटवर जाऊन ते गेटसमोर उभे राहायचे आणि ट्रकवाल्यांना विचारायचे. वॉचमन हाकलायचे. मग ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन तिथून विचारायचे. "रस्ता काय तुज्या मालकाचा हाय काय बे?" हे वाक्य मी स्वतः दोनदा ऐकलंय.

मी आता पुण्यात हेच काम करते, दुसऱ्यांच्या इमारती मोजते. ज्या तक्त्यात आम्ही आकडे भरतो त्यात सिमेंटला ओळ आहे, लोखंडाला आहे, वाहतुकीला आहे. फोडून पुन्हा बांधलेल्याला ओळ नाही. मी ती हाताने घालते. तक्ता परत येतो. मी तोच पुन्हा पाठवते. मागच्या महिन्यात एका मोठ्या बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. माणूस सभ्य होता, अजिजीने बोलत होता. "मॅडम, दुसऱ्या मजल्याची ती एक भिंत, तेवढीच ओळ काढा ना. फॉरमॅटमध्ये ती नाहीच आहे. आणि भिंत तरी आता कुठे आहे?"

मी विचारलं, "बांधली होती ना?"

"हो, बांधली होती."

"मग राहील," मी म्हणाले आणि फोन ठेवला.